खारट घामाचे दुखणे
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी झालेले व्याख्यान)



आजच्या या मंगल प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, वडीलधाऱ्यांचा सत्कार झाला, मुलामुलींची गोड गाणी आपण ऐकली. अशा आनंदात आजारपणाची गोष्ट काढावयाची म्हणजे पंगतीत औषधाची बाटली आणून ठेवण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु चिटणीसांनी ‘मुलांच्या आरोग्याविषयी घरोघर उपयोगी पडेल असे काही सांगा’ अशी आज्ञा केली, तेव्हा सर्दी-पडशाविषयी चार गोष्टी सांगून मोकळे होण्यास आमचे मन घेईना. ज्या दुखण्याचे नावही आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल, आणि जे आपल्याच नात्यागोत्यात एका घरी येऊन गेले, त्याविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. त्या घराची हकीकत आम्ही त्यांच्या संमतीने सांगणार आहोत. नावे मात्र सांगणार नाही, आणि ती शोधण्याचा प्रयत्न आपणही करू नये अशी विनंती आहे.

या व्याधीचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. मराठीत तिला रूढ असे नाव नाही. नाव नसल्यामुळे ती घरात शिरली तरी ओळख पटत नाही. कोणी बाळदमा म्हणतो, कोणी क्षय म्हणतो, कोणी ‘अंगच धरीत नाही’ म्हणून गंडेदोरे बांधतो. युरोपात मात्र तिची एक खूण फार पूर्वीपासून लोकांच्या तोंडी होती. ज्या मुलाच्या कपाळाचा मुका घेतला असता खारट लागते ते मूल फार दिवसांचे सोबती नाही, असा तेथे समज होता. तो अंधविश्वास नव्हता. त्यामागचे शास्त्र उलगडण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

१९३८ साली न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या बालकांच्या शवपरीक्षेवरून या व्याधीचे प्रथम सविस्तर वर्णन केले. त्या मुलांचे स्वादुपिंड गाठाळून व तंतुमय होऊन निकामी झालेले होते, आणि त्यावरूनच हे नाव पडले. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात त्याच शहरात उष्णतेची मोठी लाट आली. तीत पाणी सुकून ग्लानी आलेली जी मुले रुग्णालयात आली, त्यांत या व्याधीची मुले अधिक आहेत असे दिसून आले. डॉ. पॉल दी सांत’आन्येझे यांनी त्याचा माग काढला, आणि या मुलांच्या घामात मीठ फाजील असते हे १९५३ साली प्रसिद्ध केले. १९५९ साली गिब्सन आणि कुक या दोघा संशोधकांनी घाम काढून त्यातील क्षार मोजण्याची जी रीत बसविली, तीच आजही निदानाचा मुख्य आधार आहे. १९८९ साली लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिऑर्डन यांच्या प्रयत्नांनी या व्याधीस कारण होणारे जनुक सातव्या गुणसूत्रावर सापडले.

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नाहीच, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस दीर्घकाळ शिकविले जात असे. वस्तुतः १९६८ सालीच भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत असे रुग्ण नोंदले गेले होते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या उपखंडातील कुटुंबांच्या मुलांतही तो आढळला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो अधिक आहे, हे खरे. तेथे दर २५ माणसांत सुमारे एक जण या दोषाचा वाहक असतो. परंतु ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. ‘आपल्याकडे नाही’ या एका वाक्याने आपल्याकडील किती मुले निदानावाचून गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता फुप्फुसांत नेमके काय घडते ते पाहू. आपल्यापैकी ज्यांची बागायत आहे त्यांस पाटाचे पाणी ठाऊक आहे. पाट वाहता असला म्हणजे त्यात पडलेला पाला-पाचोळा, माती, किडा-मुंगी आपोआप पुढे वाहून जाते. पाण्याची धार आटली की तोच पाट गाळाने भरतो, गाळ कुजू लागतो, आणि शेवटी पाटाचे काठही ढासळू लागतात. आपल्या श्वासनलिका हे असेच पाट होत. त्यांच्या आतील बाजूस पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर चिकट बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, आणि खाली डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म रोम असतात. हे रोम शेतातील पिकासारखे एका लयीत डोलत राहतात, आणि धूळ व जंतू चिकटलेला श्लेष्मा अहोरात्र वर घशाकडे ढकलतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. श्वासमार्गाची अशी झाडलोट निरोगी माणसात जन्मभर चालू असते, आणि तिचा आपणांस पत्ताही नसतो.

हा पाण्याचा थर राखण्याचे काम पेशींच्या आवरणातील एका प्रथिनाकडे आहे. त्यास एक लहानसे दार म्हणावे. त्या दारातून क्लोराइड हा मिठाचा अंश आणि त्याच्या जोडीचे काही क्षार बाहेर पडतात, आणि क्षाराच्या मागोमाग पाणी येते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हे दार मुळात बनतच नाही, किंवा बनले तरी जागेवर पोहोचत नाही, किंवा पोहोचले तरी उघडत नाही. मग श्वासनलिकेतील पाणी आटते, श्लेष्मा डिंकासारखा घट्ट होतो आणि रोम त्याखाली दबून जातात. घामाच्या ग्रंथींत मात्र हेच दार उलट दिशेने काम करते. तेथे ते घामातील मीठ परत शरीरात ओढून घेते. दार बंद असले की मीठ अंगाबाहेर राहते, आणि मूल खारट लागते. दोष एकच, परंतु छातीत तो कफाच्या रूपाने दिसतो आणि कातडीवर मिठाच्या रूपाने.

अशा बालकाची फुप्फुसे जन्मतः जवळजवळ निरोगी असतात, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. बिघाड नंतर होतो, आणि म्हणूनच तो लांबविता येतो. पहिल्या काही महिन्यांतच लहान श्वासनलिका कफाने तुंबू लागतात. तुंबलेल्या जागी जंतू वस्ती करतात. आरंभीच्या वर्षांत बहुधा स्टॅफिलोकॉकस व हिमोफिलस हे जंतू असतात. पुढे स्यूडोमोनास नावाचा जंतू येतो, आणि तो ओलसर जागेत वाढणारा मोठा चिवट पाहुणा आहे. प्रथम आला त्याच वेळी ओळखून योग्य प्रतिजैविकांनी हाकलला तर तो बहुधा जातो. एकदा स्वतःभोवती चिकट कोट बांधून बसला, म्हणजे त्यास घालविणे जवळजवळ अशक्य होते. जंतूंशी लढावयास शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठविते. त्या पेशी तेथेच मरतात, त्यांच्या केंद्रातील धाग्यांमुळे कफ आणखी चिकट होतो, आणि त्यांतून निघणारे पाचक रस श्वासनलिकेच्या भिंतीच खाऊ लागतात. अखेर नलिका सैल व रुंद होऊन त्यांत पूयुक्त कफ साठून राहतो. ही हानी मग भरून येत नाही. या व्याधीत अन्नपचनाचे, यकृताचे असे इतरही त्रास आहेत, परंतु रुग्णाचे आयुष्य किती हे बहुतांशी फुप्फुसेच ठरवितात.

मातापित्यांनी कोणत्या लक्षणांवरून सावध व्हावे? खोकला सर्वच मुलांस येतो, आणि शंभरांतील बहुतेक खोकले साधेच असतात. म्हणून येथून घरी गेल्यावर प्रत्येक खोकणाऱ्या नातवाकडे भयाने पाहू नये. परंतु ओला, घरघरणारा खोकला आठवडेच्या आठवडे हटत नाही, छातीत वरचेवर न्यूमोनिया होतो, मूल हावरटासारखे खाते तरी अंग धरीत नाही, शौचास पुष्कळ, तेलकट व अतिशय दुर्गंधीयुक्त होते, बोटांची टोके व नखे फुगीर होतात, लहान वयातच नाकात कोंब वाढतात, घाम वाळल्यावर अंगावर किंवा झबल्यावर पांढरी मिठाची पूड दिसते, यांपैकी काही लक्षणे एकत्र आढळली, तर ‘होईल बरे’ म्हणून स्वस्थ बसू नये.

आणि आता ती हकीकत. आमच्या चुलत भावाचा मुलगा सहा महिन्यांचा असल्यापासून खोकत असे. आम्ही बालरोगांचे चिकित्सक आणि त्यातून घरचे, तेव्हा उपचार आमच्याकडेच. आम्ही बाळदम्याचे निदान केले आणि दोन वर्षे त्याचीच औषधे देत राहिलो. मध्यंतरी त्यास दुसऱ्या गावी नेले असता तेथे क्षयाची शंका आली, आणि जंतू न सापडताही सहा महिने क्षयाची औषधे झाली. मूल सुकतच होते. एके दिवशी मुलाची आजी, म्हणजे आमच्या काकू, आम्हांस म्हणाल्या, ‘अरे, याचा मुका घेतला की ओठ खारट होतात बघ. चाटून पाहा हवं तर.’ आम्ही हसून म्हणालो, ‘काकू, वैशाखाचे दिवस आहेत, घाम यायचाच.’ त्या गप्प बसल्या. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मूल ग्लानी येऊन पडले. जुलाब नाहीत, वांत्या फारशा नाहीत, आणि रक्तातील मीठ मात्र पार उतरलेले. तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मोठ्या शहरी नेऊन घामाची परीक्षा करविली. घामातील क्लोराइड ६० किंवा त्याहून अधिक भरले म्हणजे निदान पक्के धरतात. त्या मुलाचे शंभराच्या वर भरले.

काकूंचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांनी जे ओठांनी ओळखले ते आम्ही पदवी घेऊन ओळखले नाही. गेलेली दोन वर्षे आम्ही त्या मुलास परत देऊ शकलो नाही. तोवर स्यूडोमोनासने घर केले होते. पुढे सर्व उपचार झाले, आईबापांनी जिवाचे रान केले, परंतु तो मुलगा नवव्या वर्षी गेला. ही चूक आम्ही येथे जाहीरपणे सांगतो, ती क्षमा मिळावी म्हणून नव्हे. घरच्या बायकांनी मुलांविषयी केलेले निरीक्षण हसण्यावारी नेऊ नये, एवढे जरी आपण येथून घेऊन गेलात तरी तिचे काही सार्थक होईल.

या गोष्टीचा दुसरा भागही आहे. तो मुलगा चार वर्षांचा असताना त्यास बहीण झाली. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. ती दोन महिन्यांची असतानाच घामाची परीक्षा केली, आणि तिलाही तीच व्याधी निघाली. परंतु तिच्या छातीत अजून काही बिघडलेले नव्हते. पहिल्या दिवसापासून उपचार सुरू झाले. ती मुलगी यंदा बारावीची परीक्षा देत आहे. एकाच घरातील, एकाच व्याधीच्या या दोन मुलांत मोठे अंतर पडले ते निदानाच्या वेळेचे.

ते उपचार कोणते, हे थोडक्यात सांगतो. त्यांत पहिला मान औषधास नाही, हातांस आहे. कफ छातीतून रोज बाहेर काढावयाचा. लहान बाळास मांडीवर निरनिराळ्या बाजूंनी धरून, ओंजळीसारख्या पोकळ तळव्याने छातीवर व पाठीवर हलके थापटतात. बाळाचे डोके खाली करून धरण्याची जुनी चाल आता टाळतात, कारण पोटातील दूध उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मूल मोठे झाले म्हणजे दीर्घ श्वास घेऊन ‘हाऽ’ असा जोराचा उच्छ्वास सोडण्याची युक्ती, अडथळा असलेल्या नळीतून फुंकण्याचे साधन, धावणे, पोहणे, दोरीवरच्या उड्या हे सारे उपयोगी पडते. हे प्रशिक्षित माणसाकडून शिकून घ्यावे, आणि मग दिवसातून दोन वेळा नेमाने, देवपूजेसारखे करावे. जोराचे दुखणे आले असता अधिक वेळा करावे. अशा मुलास खोकला दाबणारी औषधे देऊ नयेत. त्याच्या बाबतीत खोकला शत्रू नसून घरचा झाडूवाला आहे.

त्याच्या जोडीस नेब्युलायझरने तीव्र मिठाच्या पाण्याचा फवारा देतात. हे मीठ श्वासनलिकेत पाणी ओढून आणते व कफ सैल करते. कफातील चिकट धागे तोडणारे डॉर्नेज नावाचे औषधही आहे. ज्यांच्या फुप्फुसांत स्यूडोमोनास घर करून बसला आहे, त्यांस काही काळ फवाऱ्यातून प्रतिजैविके देतात. क्रम असा की, आधी नळ्या सैल करणारे औषध, मग मिठाचा फवारा, मग छातीचा व्यायाम, आणि नळ्या मोकळ्या झाल्यावर शेवटी प्रतिजैविक. थुंकीची किंवा घशातील स्रावाची परीक्षा सुमारे तीन महिन्यांनी करीत राहावी. पाच-सहा वर्षांनंतर मुलास फुंकावयास लावून फुप्फुसांची शक्ती मोजता येते. ती दर भेटीस मोजून वहीत लिहून ठेवावी, म्हणजे उतरण आधीच दिसते.

नेब्युलायझरचे भांडे प्रत्येक वेळी धुऊन, निर्जंतुक करून व पूर्ण कोरडे करून ठेवावे. ओले भांडे म्हणजे स्यूडोमोनासचे माहेर. घरात धूर नको. चुलीचा नको, विडी-सिगारेटचा नको, आणि देव रागावणार नाही म्हणून सांगतो, उदबत्ती-धुपाचाही नको. इन्फ्लुएंझाची लस प्रतिवर्षी, आणि गोवर, न्यूमोकॉकस आदी लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्या.

आहाराविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘कफ होतो’ म्हणून अशा मुलांचे दूध, दही, तूप, केळे बंद करतात. हे घातक आहे. या मुलांस इतरांहून अधिक अन्न लागते, आणि तूप, लोणी, शेंगदाणे, अंडी यांसारखे स्निग्ध व पौष्टिक अन्न तर अवश्य लागते. ज्यांचे स्वादुपिंड निकामी झाले आहे त्यांनी प्रत्येक जेवणाबरोबर पाचक द्रव्याच्या गोळ्या, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे घेतली पाहिजेत. ज्या मुलाचे वजन नीट भरते त्याची फुप्फुसेही अधिक दिवस टिकतात. आणि मीठ! आपल्या उन्हाळ्यात या मुलांस वैद्याने सांगितलेल्या मापाने जादा मीठ दिलेच पाहिजे. आमच्या पुतण्यावर तो प्रसंग आला तो मिठावाचूनच.

आणखी एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. एकसारख्या दुखण्याच्या मुलांना एकत्र आणावे, त्यांचे मेळावे भरवावे, असे आपणांस साहजिकच वाटते. या व्याधीत तसे करू नये. एकाचे चिवट जंतू दुसऱ्यास लागतात. इतर निरोगी मुलांस त्यांपासून धोका नाही, कारण त्यांचा पाट वाहता आहे. म्हणून अशा मुलास शाळेत, वर्गात, खेळात अवश्य घ्यावे. त्याचा खोकला संसर्गाचा रोग नव्हे.

नव्या औषधांविषयी आपण विचाराल. २०१२ साली आयव्हाकॅफ्टर हे, आणि २०१९ साली तीन औषधांचा एक संयोग अमेरिकेत मान्य झाला. ही औषधे कफावर किंवा जंतूवर काम करीत नाहीत. ती ते बिघडलेले दारच दुरुस्त करतात. ज्यांस ती लागू पडतात त्यांचे आयुष्य अक्षरशः पालटले आहे. १९५० च्या सुमारास ज्या व्याधीची मुले शाळेचे वयही क्वचितच गाठीत, त्या व्याधीची माणसे आज संपन्न देशांत संसार करीत आहेत. परंतु त्या संयोगाची अमेरिकेतील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात ठेवण्यात आली, आणि सामान्य कुटुंबाने त्याचा विचारही करू नये अशी ती रक्कम आहे. शिवाय जनुकातील दोष दोन हजारांहून अधिक प्रकारचे आहेत, आणि युरोपातील बहुसंख्य रुग्णांत जो एक दोष आढळतो तो आपल्याकडे तितक्या प्रमाणात आढळत नाही. यास्तव प्रत्येक मुलाचा दोष कोणता हे जनुक-परीक्षेने समजून घेतले पाहिजे. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ व्याधींविषयीच्या राष्ट्रीय धोरणात या व्याधीची गणना आहे, आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्या धोरणाखालील केंद्रांपैकी एक आहे. गरजूंनी तेथे चौकशी करावी. महाग औषध मिळो न मिळो, वर सांगितलेले हातांचे, मिठाचे, अन्नाचे व स्वच्छतेचे उपचार कोणाही कुटुंबाच्या आवाक्यातील आहेत, आणि आमच्या पुतणीने इतकी वर्षे त्यांवरच काढली आहेत.

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. तो औषधाचा नसून आपल्या समाजाचा आहे.

ही व्याधी आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन सदोष जनुके एकत्र आली तरच होते. एकच सदोष जनुक असणारा मनुष्य पूर्ण निरोगी असतो. त्यास वाहक म्हणतात. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक संभव व्याधीचा असतो. म्हणजेच केवळ आईचा किंवा केवळ बापाचा दोष, असे येथे म्हणताच येत नाही. असे असूनही आमच्या भावाच्या पत्नीस काय काय ऐकावे लागले! तिचे दूध वाईट, तिचा पायगुण वाईट, तिच्या माहेरचे रक्त वाईट. आता गंमत पाहा. ती आमच्या भावाची मामेबहीण. म्हणजे सुनेचे माहेर तेच सासूचे माहेर! एकाच आजोबा-आजीकडून ते जनुक एका बाजूने मुलीच्या वाटेने आणि दुसऱ्या बाजूने मुलाच्या वाटेने खाली आले, आणि दोन्ही वाटा पुन्हा एका पाळण्यात मिळाल्या. काकूंनी हे समजल्यावर सुनेस जवळ घेतले आणि म्हणाल्या, ‘पोरी, तुझं आणि माझं माहेर एकच. दोष असला तर तो आपल्या दोघींचा.’ त्या घरात शांतता आली ती त्या दिवसापासून.

मामाची मुलगी करण्याची चाल आपल्यात जुनी आहे. तीत जिव्हाळा आहे, मुलगी ओळखीच्या घरी पडते ही सोय आहे, हे आम्ही जाणतो. परंतु अशा भावंडांत सरासरीने आठवा हिस्सा जनुके समान असतात, आणि लपून राहिलेला दोष समोरासमोर येण्याचा संभव त्यामुळे वाढतो. लहानशा वर्तुळातल्या वर्तुळातच पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत राहिल्या तरीही तेच घडते. जुन्या चालीचा उपहास आम्हांस करावयाचा नाही. सोयरीक जुळविताना पत्रिकेच्या जोडीस दोन्ही घरांतील मुलांच्या दुखण्यांची प्रांजळ विचारपूस करावी, आणि ज्या घरात अशी व्याधी होऊन गेली असेल त्यांनी पुढच्या अपत्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आमच्या भावाच्या घरी ही गोष्ट सहा वर्षे झाकून ठेवली होती. का? तर थोरल्या काकांच्या मुलीचे लग्न व्हावयाचे होते. त्या झाकाझाकीपायी मुलाची औषधे पाहुणे आले की कपाटात जात, सकाळचा छातीचा व्यायाम चुके, आणि शाळेत ‘त्याला जरा सर्दी आहे’ असे सांगितले जाई. लपविलेल्या दुखण्याने त्या मुलीचे लग्न सुलभ झाले की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. मुलाचे आयुष्य मात्र त्याने वाढले नाही. आणि झाकण्यास त्या माणसांनाच दोष का द्यावा? ते आपल्या सर्वांच्या जिभेस भ्याले होते. निरोगी वाहक मुलीस किंवा मुलास ‘खोटे नाणे’ समजून बाजूस सारणारा समाज आपल्या मुलांचे आजार लपवावयास स्वतःच शिकवीत असतो. कोणते ना कोणते सदोष जनुक आपणा प्रत्येकाच्या अंगी आहेच. ज्याने आपल्या घरी काहीच नाही असे म्हणावे, त्याच्या घरी ते अजून दिसलेले नाही इतकेच.

यास्तव संस्थेपुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, वधू-वर सूचक मंडळाच्या कामात आनुवंशिक व्याधींविषयी सल्ल्याची सोय गुप्तता राखून करावी. तिची नोंदवही मात्र कधीही होऊ नये. दुसरी, आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून नेब्युलायझर, पाचक गोळ्या व मोठ्या शहरातील तपासणीचा प्रवासखर्च गरजू कुटुंबांस द्यावा. तिसरी सूचना पैशाची नाही. ज्या घरी असे मूल असेल त्या घरी ज्ञातीतील चार बायकांनी जावे, सकाळ-संध्याकाळ त्याची पाठ थापटण्याची रीत शिकून घ्यावी, आणि त्या थकलेल्या आईस आठवड्यातून दोन दिवस झोप मिळू द्यावी. एवढे झाले तर आपल्या संस्थेचे नाव सार्थ होईल.

काकू गेल्या वर्षी निवर्तल्या. अखेरपर्यंत त्या नातीच्या कपाळाचा मुका घेत आणि म्हणत, ‘खारट आहेस गं, पण टिकणारी आहेस. लोणचं मिठानंच टिकतं.’ त्यांच्या या वचनास आमच्या शास्त्रात आधार नाही. परंतु त्या मुलीच्या टिकण्यामागे जी माणसे दररोज उभी राहिली, त्यांचा आधार मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.